आईला घेऊन नीसला (फ्रान्स) पाच रात्री: कुठे राहावं, काय बघावं?

अनुजा_क
एप्रिलअखेर मी आणि आई (वय ७१) दोघीच जातोय. तिचे गुडघे दुखतात, पायऱ्या जपून चढते. राहण्याचं बजेट रात्रीला ९० युरो, त्यावर जमणार नाही. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही. कुठल्या भागात खोली घ्यावी? मोनॅको, एझ, कान ही आसपासची ठिकाणं सगळी बसतील का?

समुद्रवेडा
एवढ्या लांब जाताय तर नेग्रेस्कोतच राहा. १९१३ चं हॉटेल, गुलाबी घुमट, समोर समुद्र. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही दोन रात्री राहिलो, अजून त्याच आठवणी निघतात. पैशांचा विचार करू नका.

ठाण्याची_वर्षा
जुन्या गावात खोली घेताना दहादा विचार करा. फोटोत गल्ल्या सुंदर दिसतात, पण आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तिसरा मजला, जिना इतका अरुंद की बॅग आडवी धरता येईना. सासूबाई दर वळणावर भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या, मला बघवत नव्हतं. लिफ्ट आहे का, हे बुकिंगआधी लेखी विचारा. दोन नंबरच्या ट्रामजवळ राहिलात तर विमानतळावरून थेट याल.

पक्का_भटक्या
नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत! अंड्याएवढे, काही मुठीएवढे. अनवाणी चार पावलं टाकून बघा. रबरी तळाचे बूट न्या.

कोकणकन्या७
गोटे आहेत म्हणून काय झालं? लाट मागे सरताना ते एकमेकांवर घासत खळखळतात, तो आवाज आपल्याकडे ऐकायला मिळत नाही. मी तासभर नुसती बसले होते.

पक्का_भटक्या
आवाज छान, पण ७१ वर्षांच्या बाईंनी त्यावरून चालायचं कसं? वाळू हवी तर कानला किंवा आंतिबला जा.

इतिहासप्रेमी_सातारा
ट्रेनने अडीच-तीन तासांवर मार्सेय आहे, ते चुकवू नका. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी घेतली ती तिथेच. फ्रान्सच्या भूमीवर त्यांना पकडून परत इंग्रजांच्या हवाली केलं आणि प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. ते बंदर बघताना माझ्या अंगावर काटा आला.

ठाण्याची_वर्षा
भावना समजते, पण गुडघेदुखी असताना जाऊन-येऊन पाच-सहा तास प्रवास? प्रश्न नीसचा आहे.

इतिहासप्रेमी_सातारा
मग नीसचाच इतिहास घ्या. हे गाव १८६० मध्ये फ्रान्सकडे आलं. इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गारिबाल्डीचा जन्म इथलाच, १८०७. डोंगरावरचा किल्ला चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडायला लावला, आता तिथे बाग आहे. वर जायला फुकट लिफ्ट आहे, आईंना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. इंग्रज थंडी टाळायला इथे येत, प्रोमनाद, म्हणजे समुद्रकाठचा फिरायचा रस्ता, त्यांनीच १८२० च्या दशकात सुरू केला. या हिवाळी मुक्कामाच्या गावपणामुळेच २०२१ मध्ये ते जागतिक वारशात आलं.

सुगरण_मावशी
खाण्याचं कोणीच बोललं नाही. सोक्का खायला घाला. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा करपलेल्या, मध्ये मऊ, वरून मिरपूड. आपल्या धिरड्याची सख्खी बहीण, आणि गरमच खायचा. पण पिसालादिएर म्हणून कांद्याची पोळी मिळते, तिच्यात अँचोव्ही मासा असतो. मी घास तोंडात गेल्यावर ओळखला. नीसच्या सॅलडमध्येही मासा आणि अंडं असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका.

नवखा_प्रवासी
बूट न्या, गोटे आहेत. आणि कूर सालेयाच्या बाजारात सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी फुलं-भाजी नसते, जुन्या वस्तू मांडतात. मातिस आणि शागाल या चित्रकारांची दोन्ही संग्रहालयं मंगळवारी बंद. आम्ही नेमके मंगळवारी गेलो, बंद दाराशी फोटो काढून परत.

समुद्रवेडा
निदान मोनॅको तरी कराच. ट्रेनने अर्धा तासही लागत नाही.

अनुजा_क
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला धागा वाचून दाखवला, मग ठरलं.

मोनॅको, एझ, कान, मार्सेय सगळं काढलं. खोली ना समुद्रासमोर, ना ट्रामजवळ: वर टेकडीवरच्या सिमिए भागात, तळमजला, छोटं स्वयंपाकघर, ८४ युरो. समुद्र लांब पडतो, खाली बसने जाऊ.

आई रत्नागिरीत एकतीस वर्षं चित्रकला शिकवायची. वर्गात रंग पुरायचे नाहीत म्हणून घोटीव कागद कापून चिकटवायला लावायची. मातिस म्हातारपणी आजारी पडल्यावर खुर्चीत, अंथरुणात बसून कात्रीने रंगीत कागद कापायचा, हे ती मुलांना दरवर्षी सांगायची. त्याची ती प्रचंड मोठी कागदी कलाकृती 'फुलं आणि फळं' सिमिएच्या संग्रहालयात आहे. आईने आजवर ती पुस्तकातच पाहिलीय, पोस्टकार्डाएवढी. संग्रहालयाबाहेरच्या ऑलिव्हच्या झाडांखाली ती बसेल, मी मावशींच्या सांगण्यावरून सोक्का आणून देईन.

मंगळवार तेवढा प्रोमनादवरच्या निळ्या खुर्च्यांसाठी ठेवलाय. बूट घेतलेत, दोघींचे.