सैराटच्या शेवटाला मान वळवणारे भित्रे असतात का?

चिंचेचं_झाड

परवा घरात टीव्हीवर सैराट चालू होता. शेवट जवळ आला तसे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही आत जा, तुम्हाला झेपायचं नाही." सगळे हसले. मी गेले नाही, पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

2016 च्या मे महिन्यात तालुक्याच्या टॉकीजला आम्ही घरचे अकरा जण गेलो होतो. पोरांना 'झिंगाट'वर नाचायचं होतं आणि ती नाचलीही. माझ्या एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला सात वर्षांचा भाचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी शेवट थोडक्यात सांगते. दुसऱ्या जातीतल्या परश्याबरोबर पळून जाऊन हैदराबादेत संसार मांडलेली आर्ची दारात रांगोळी काढत असते. माहेरहून भाऊ आणि त्याच्याबरोबरची माणसं येतात. आईने दिलेल्या वस्तू आणलेल्या असतात. ती त्यांना घरात घेते, चहा करते. बाळ तेवढ्यात शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं.

आत्या उठली ती नेमकी इथे. अजून काहीही झालेलं नव्हतं. हातातली पिशवी काखेला मारली आणि खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेली. मला वाटलं, बाथरूमला गेली असेल. पुढचं आम्ही पाहिलं आणि आमचं जे व्हायचं ते झालं. भाचा रडला नाही. त्याने दोनच प्रश्न विचारले. "बाळाच्या पायाला काय लागलंय?" आणि मग, "ते रडतंय तर आवाज का येत नाही?" त्यानंतर कितीतरी रात्री तो आईच्या अंगावर हात टाकल्याशिवाय झोपला नाही.

बाहेर आत्या सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसली होती. म्हणाली, "माहेरची माणसं न कळवता भेटवस्तू घेऊन आली, तेव्हाच मला कळलं." तिच्या लहानपणी त्यांच्या आळीतल्या एका मुलीकडे अशीच माणसं गेली होती. ती मुलगी परत कुणाला दिसली नाही. घरी आल्यावर मात्र सगळ्यांनी आत्यालाच भित्री ठरवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आमच्या अकरा जणांत तो सिनेमा सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत पुरता आत्याला कळला होता. जो शेवटपर्यंत बघतो तो धीट आणि समजूतदार, आणि जो मान वळवतो तो कच्चा, हा हिशोब मला मान्य नाही. दुसरं म्हणजे, पडद्यावर काय येणार आहे याची थोडी कल्पना माणसाला तिकीट काढतानाच मिळायला हवी. तुम्हाला काय वाटतं?

खडा_सवाल

पहिला मुद्दा मान्य, दुसरा साफ अमान्य.

सैराट जवळजवळ तीन तासांचा आहे. त्यातला पहिला भाग तुम्हाला हसवतो, विहिरीत उड्या मारायला लावतो, गाण्यावर उठवतो. का? तर तुम्ही गाफील राहावं म्हणून. गाफील माणसाला जे बसतं तेच त्या सिनेमाचं म्हणणं आहे. आर्ची आणि परश्याला कुणी आधी सांगितलं होतं का? प्रेक्षकाला सांगितलं की तो सावरून बसतो. सावरून बसलेल्या माणसाला काहीही दाखवा, तो रुमाल झटकून घरी जातो.

दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी त्या दोघांना मारतानाचा प्रसंग न डगमगता दाखवला, त्याला छातीच लागते. 2018 साली हिंदीत 'धडक' आला. तिथे शेवट बदलला, नवरा आणि बाळ इमारतीवरून खाली पडतात आणि ती उरते. पाहिला आणि विसरलो. प्रेक्षकाच्या तब्येतीची काळजी करत बसलं की असं होतं.

सदाफुली

खडा_सवाल, मारतानाचा प्रसंग सैराटमध्ये नाहीच. पुन्हा बघा. चहा, मग बाहेरून परत येणारं बाळ, मग दोघं रक्तात पडलेली. सुरी चालताना एकदाही दिसत नाही, किंकाळी ऐकू येत नाही. बाळाचं रडणंसुद्धा मुकं केलंय. अजय-अतुलच्या संगीताने भरलेल्या सिनेमाचा शेवट पूर्ण शांततेत आहे.

आमच्या घरात यावर पैज लागली होती. चौघांपैकी तिघांनी शपथेवर सांगितलं की आम्ही वार पाहिला. माझ्याही डोळ्यांसमोर तो होता. दिग्दर्शकाने जागा मोकळी सोडली आणि ती ज्याने त्याने आपापल्या भीतीने भरली. मग प्रत्येकाची प्रतिक्रिया वेगळी का होते याचं आश्चर्य कशाला? प्रत्येकाने पाहिलेला प्रसंगच वेगळा आहे.

खडा_सवाल

पाहून आलो. तुमचं बरोबर आहे. नऊ वर्षं मी चुकीचं सांगत होतो.

बॅटरीवाला

मी एकपडदा टॉकीजला डोअरकीपर होतो, बावीस वर्षं. सैराट आमच्याकडे चांगला लांबला. दिवसाला चार-चार खेळ, म्हणून तो शेवट मी पडद्याकडे पाठ करून किती वेळा पाहिला त्याची मोजदाद नाही. आम्ही पडदा बघत नाही, माणसं बघतो. खेळ सुटायच्या आधी दारं उघडावी लागतात ना.

रांगोळीपाशीच उठणारी माणसं दर खेळाला दोन-चार तरी असायची. बहुतेक करून वयस्कर बायका. ताईंच्या आत्यांसारख्याच. त्यांना बाहेर पाणी प्यायला द्यायचो आणि कुणाला काही विचारायचो नाही. स्टॉलमधली जी पोरं 'झिंगाट'ला शर्ट काढून नाचायची, तीच शेवटी खुर्चीतून हलायची नाहीत. दिवे लागले तरी बसून. झाडू घेऊन आत गेलो की मग उठायची. मी एका बाप्याला पाहिलं, पोराचे डोळे आपल्या हाताने झाकले होते आणि आपले स्वतःचे मिटलेले. एक शिट्टी मारायचा तो तिथेही शिट्टी मारायला गेला आणि अर्धीच वाजली.

भुतांचे सिनेमे लागले की लोक ओरडतात, मग ओरडल्याबद्दल एकमेकांना टाळ्या देतात. बाहेर येताना चेहरे टवटवीत असतात. सैराटला तसं नव्हतं. शेवटच्या खेळाला तर पायऱ्या उतरताना फक्त चपलांचा आवाज यायचा.

भित्रा कोण, धीट कोण, हे मला बावीस वर्षांत ठरवता आलं नाही.

मागचा_बाक

मी लिहू की नको असा विचार करत होतो. त्या शेवटाला मागून हसणारी दोन-तीन मुलं बऱ्याच टॉकीजमध्ये होती, त्यावर लोकांनी खूप राग काढलाय. मी त्यातला एक. एकोणीस वर्षांचा होतो. बाळ दारातून बाहेर आलं, जमिनीवर पावलं उमटली आणि मला हसू फुटलं. मला मजा वाटली नव्हती. छातीत काहीतरी गच्च दाटलं होतं आणि बरोबर चार मित्र होते, त्यांच्यासमोर रडायची सोय नव्हती. ते जे बाहेर पडलं ते हसू होतं. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी वळून पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. घरी जाऊन मोरीत नळ सोडून रडलो.

हसणाऱ्याला निर्ढावलेला समजू नका, एवढंच.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, अपघात विभागात. मनाचं सोडा, अंगाचं सांगते, कारण 'काळीज कच्चं' हा शब्द शरीराला लागूच पडत नाही.

साध्या भीतीत नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, अंग पळायला तयार होतं. रक्त पाहून चक्कर येणाऱ्या माणसात गंमत वेगळी असते. आधी नाडी किंचित चढते आणि मग एकदम उतरते, रक्तदाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं. आमच्याकडे बायकोच्या टाक्यांना सोबत आलेले पैलवान गडी असे कोसळतात. त्यांना कसलीही भीती वाटत नसते, तेही चकित होतात. असं होतंय वाटलं तर मांड्या, पोटऱ्या, हात, पोट घट्ट आवळून धरायचं, चेहऱ्याला ऊब आल्यासारखं वाटलं की सैल सोडायचं, पुन्हा आवळायचं. रक्तदाब टिकतो.

मुलांचंही सांगते. चार-पाच वर्षांच्या पोराला दिसण्याची भीती वाटते: अक्राळविक्राळ तोंड, मोठा आवाज. ते खोटं आहे हे सांगून उपयोग नसतो, त्याला मांडीवर घ्यावं लागतं. आठ-दहाच्या पुढे खरंखुरं घडू शकेल त्याची भीती सुरू होते. जोआन कँटर नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी यावर आयुष्यभर काम केलं. तुमचा भाचा नेमका या दोन्हींच्या उंबरठ्यावर होता. त्याने रक्ताला नाव दिलं नाही, पण बाळ एकटं पडलंय आणि त्याचं कुणाला ऐकू जात नाही हे त्याने पकडलं.

पूर्वसूचनेला माझा पूर्ण पाठिंबा. ओटीटीवर 2021 च्या नियमांपासून वयोगट आणि 'हिंसा', 'भीतिदायक दृश्यं' असं लिहावं लागतं. सिनेमागृहात पूर्वी 'यूए' हा एकच गठ्ठा होता, बारा वर्षांखालच्यांचं आईबापांनी बघून घ्यावं असा. 2024 पासून सात, तेरा, सोळा अशा पायऱ्या झाल्यात. पण तिकीट काढताना ते किती जण वाचतात? आणि 'हिंसा' या शब्दाने सैराटचा शेवट फुटत नाही. मध्यंतराआधीही त्यात मारहाण आहेच.

तिसरी_घंटा

मी हौशी नाटकवाला. खडा_सवाल यांच्या गाफीलपणाच्या मुद्द्याला माझा वेगळ्या बाजूने विरोध आहे.

धक्का आणि रस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स दोन्ही रस आहेत, म्हणजे भय आणि किळस रंगभूमीला वर्ज्य नव्हते. तरीही युद्ध, मरण अशा गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातल्या बोलण्यातून, कळवाव्यात असा संकेत आहे. सदाफुली यांनी सांगितलेला न दिसणारा वार त्याच जातीचा वाटतो. पुढे नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने रसातली विघ्नं मोजली, त्यातलं एक फार महत्त्वाचं आहे: प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात ओढला जाणं. दुःख पडद्यावरच्या माणसाचं असतं तोवर ते करुण रस होऊ शकतं. आत्याबाईंचं ते स्वतःचं झालं. त्यांना कला कळली नाही असं नाही, त्यांच्यापुढे त्या क्षणी कला उरलीच नव्हती. अशा माणसाला 'बस, बघ, हा सिनेमाच आहे' म्हणणं क्रूरपणा आहे.

पण पूर्वसूचना नको. शिकारीच्या गोष्टीला वाघाचं चित्र चिकटवू नये.

दोन_आडनावं

तुम्ही सगळे किती शांतपणे बोलताय.

आमचं लग्न 2015 चं, आंतरजातीय. सैराट आला तेव्हा आम्ही दुसऱ्या शहरात भाड्याच्या खोलीत होतो आणि माझ्या माहेरून दहा महिन्यांत एकही फोन नव्हता. ऑफिसात रोज कुणीतरी सांगायचं, "तू तर बघच, तुझीच गोष्ट आहे, डोळे उघडतील." माझे डोळे उघडेच होते हो. दाराची कडी लावली की नाही हे रात्री तीनदा उठून बघणारी बाई मी.

2014 मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एका दलित पोराला नुसत्या संशयावरून मारलं. सतरा वर्षांचं होतं. 2017 मध्ये सगळे आरोपी सुटले. हे ज्यांना माहीत होतं त्यांना त्या शेवटाचा धक्का बसायचं कारण नव्हतं. ज्यांना बसला, त्यांचं मला आश्चर्य वाटतं. आणि पुढे वर्तमानपत्रांनी काय केलं? कुठे पोरीला मारलं की मथळा 'सैराटची पुनरावृत्ती'. खून आधी होते, सिनेमा नंतर आला. पुनरावृत्ती कुणी कुणाची केली?

मी तो शेवट आजवर पाहिलेला नाही. पूर्वसूचना होती म्हणून वाचले, आणि ती सूचना मला लोकांनी नकळत दिली. तिसरी_घंटा, वाघ ज्यांच्या दारात बसलाय त्यांना चित्राने फरक पडत नसतो, पण निदान कुठल्या वाटेला जायचं नाही ते कळतं.

खडा_सवाल

तुमचं वाचून अर्धा तास काही सुचलं नाही.

मी माझा शब्द पूर्ण मागे घेत नाही. माझ्यासारख्या, सुरक्षित घरात वाढलेल्या माणसाला तो धक्का हवाच होता, कारण तोवर मी अशा बातम्यांचं पान उलटत होतो. मला आधी सांगितलं असतं तर तेही पान मी उलटलं असतं. पण मला बसलेल्या धक्क्याची किंमत तुम्ही का मोजावी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. 'हिंसा' एवढा एक शब्द तिकिटावर असायला माझी हरकत नाही. गोष्ट सांगू नका, एवढं राहू द्या.

तिसरी_घंटा

दोन_आडनावं, वाघाचं वाक्य मी मागे घेतो. बाकीच्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे, पण आज वाद घालणार नाही.

चिंचेचं_झाड

दोन_आडनावं, तुम्हाला कुणी 'बघच' म्हणालं तर आमच्या आत्याकडे पाठवा.

इथलं सगळं मी काल तिला वाचून दाखवलं. बॅटरीवाल्या दादांचं पाण्याचं आलं तिथे ती म्हणाली, आमच्या टॉकीजलाही एक माणूस ग्लास घेऊन आला होता. मला हे इतकी वर्षं माहीतच नव्हतं. मागचा_बाक, तुमचं ऐकून ती म्हणाली, "पोराला म्हणावं, त्यात काय एवढं."

भाचा आता अकरावीत आहे. त्याला तो सिनेमा पुन्हा पाहायचाय, या वेळी नीट, आणि कुणाच्या तरी सोबत. रविवारी बसतोय. दिरांना सांगून ठेवलंय, मध्ये कुणाला उठवायचं नाही आणि कुणाला बसवायचं नाही. आत्याही येणार आहे. रांगोळीपर्यंत बसेन म्हणाली, मग चहा टाकायला जाईन.