बुलेट ३५०: किक अडली, इंजिन जाम. उतरवायच्या आधी काय करता येईल?

पडवीतली_बुलेट
१९९४ ची बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन. २०१७ पासून कुडाळला पडवीत उभी. किक दोन बोटं जाते आणि ठक्कन थांबते, स्पार्क प्लग काढला तरी तेच. गॅरेजवाला म्हणतो, चौथा गिअर टाकून दुसऱ्या गाडीने ओढू आणि क्लच सोडू. करू का?

टॅपेट_टकटक
अजिबात नको. गंजून बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) धरलेल्या पिस्टनच्या रिंगांवर असा झटका बसला की रिंग तुटते आणि तिचा तुकडा वर-खाली होत बोअर फाडतो.

आधी नक्की काय जाम आहे ते ठरवा. बुलेटची किक गिअरबॉक्स, क्लच, प्रायमरी चेन असा प्रवास करून क्रँकला, म्हणजे पिस्टन वर-खाली करणाऱ्या दांड्याला, पोचते. न्यूट्रलमध्ये क्लच दाबून किक मारा. सैल गेली तर गिअरबॉक्स बरा आहे, इंजिनच धरलंय. तरीही अडली तर क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्यात किंवा किकच्या रॅचेटमध्ये (एकाच दिशेने पकडणाऱ्या दात्यांमध्ये) घोळ आहे. मग निदान पुन्हा पहिल्यापासून.

पडवीतली_बुलेट
क्लच दाबून किक सैल जाते.

टॅपेट_टकटक
म्हणजे इंजिन. एटीएफ, तेच पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल, आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घ्या. दोन्ही एकत्र टिकत नाहीत, ओतायच्या आधी बाटली जोरात हलवा. ४० ते ५० मिली प्लगच्या भोकातून आत. ॲसिटोन लगेच पेट घेतं आणि टाकीचा रंगही खातं, तेव्हा जपून. ते नसेल तर एटीएफमध्ये डिझेल चालेल, फक्त वेळ जास्त लागतो. रोज तारेने पातळी मोजा. हळूहळू उतरत असेल तर तेल रिंगांपाशी झिरपतंय, काम होतंय.

जोर लावायचा तो मागच्या चाकाने. मेन स्टँडवर, प्लग काढलेला, गाडी चौथ्यात, चाक पुढे-मागे झुलवा. पहिला गिअर टाकू नका, त्यात चाकाचा जोर क्रँकपर्यंत फारच थोडा पोचतो. प्लगच्या भोकातून दांडा घालून पिस्टन ठोकायचा सल्ला देणारे भेटतील. पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे, डोक्याला भोक पडेल.

चेनकेस
चाकाने नाही हललं तर डावा फूटरेस्ट काढून चेन केसचं झाकण उघडा, मधला एकच मोठा नट आहे. मग क्रँकच्या टोकावरच्या रोटरच्या नटावर पाना लावता येतो. डावीकडून पाहता हे इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं, पण त्या दिशेने जोर दिला तर नटच सुटायचा. म्हणून आधी घड्याळाच्या दिशेने. पान्याला पाइप जोडायचा नाही. केसाएवढं हललं की थांबा, अजून तेल सोडा.

सुटल्यावर सावकाश फिरवताना टॅपेटचं झाकण काढून पुशरॉडवर (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांवर) नजर ठेवा. एखादा वर गेला आणि परत खाली येताना सैल पडला, तर त्याचा वॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे ज्या नळीत तो सरकतो तिथे, अडकलाय. तिथेच थांबा, पुढे रेटलंत तर पिस्टन त्याला जाऊन भिडू शकतो.

पडवीतली_बुलेट
समजा सुटलं, तर नवीन प्लग लावून लगेच चालू करायची का?

टॅपेट_टकटक
हेड आणि बोअर काढल्याशिवाय माझ्या मते नाही. पिस्टन जिथे उभा होता तिथे बोअरमध्ये गंजाचा पट्टा दिसेल. त्यावरून नख फिरवा. अडकलं तर लेथवाल्याकडून बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घाला. अशा खड्ड्यांवर नुसत्या नव्या रिंगा म्हणजे पैसे पाण्यात, धूर काही थांबत नाही. नख घसरून गेलं तर होनिंग (बोअर आतून हलकं घासणं) आणि नव्या रिंगा पुरे. रिंग आधी नुसती बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा, ७० मिमी बोअरला साधारण ०.३० मिमी हवी.

चेनकेस
ऑइलचं राहिलं. इतकी वर्षं उभ्या गाडीत ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँकखाली उतरलेलं असतं, त्यात आता तुमचं एटीएफही मिसळणार. खालचे सगळे ड्रेन प्लग उघडा, एकाने भागत नाही. नवीन २०डब्ल्यू५० भरा. मग स्पार्क प्लग न लावता किक मारत राहा आणि रॉकरकडे (वर हेडमध्ये वॉल्व्ह दाबणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या ऑइल पाइपचा वरचा बोल्ट सैल ठेवा. तो पाइप परतीच्या ऑइलवर चालतो, त्यामुळे तिथे ऑइल दिसायला बऱ्याच किका लागतात. दिसलं की बिग एंडला (क्रँकवरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला) ऑइल मिळालं असं धरा, बोल्ट आवळा आणि मगच स्पार्क प्लग लावा.