‘व्हायरस निमित्तमात्र, खरा दोष ताटाचा’ म्हणे!

खडूस पेशंट:
वडील फ्लूनंतरच्या न्यूमोनियाने गेले. भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी दारातच ऐकवलं, "वेळेवर व्हिटॅमिन सी सुरू केलं असतं तर..." म्हणून कालची ‘व्हायरस निमित्तमात्र, खरा दोष ताटाचा’ ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे व्हायरसचा आजार किती चढणार ते अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखणारी द्रव्यं, ठरवतात, आणि सी, ई, सेलेनियम, झिंक रोज घेणाऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

खूळ जुनंच आहे. १९७० मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगनी सर्दीवर सीचा झेंडा उभारला. दोन नोबेलांचा माणूस, त्याला कोण अडवणार? पुढे चाचण्यांवर चाचण्या झाल्या. कोक्रेन ही अशा चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था. तिचा २०१३ चा आढावा काय सांगतो? रोज सी घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी ८ टक्के लवकर आटोपली. सात दिवसांत जेमतेम अर्धा दिवस वाचला! नाक गळायला लागल्यावर गोळी घेतली तर तेवढाही भरवसा नाही. कोविडमध्ये २१४ जणांवर रोज ८ ग्रॅम सी आणि झिंक यांची चाचणी झाली. फरक दिसेना म्हणून मध्येच थांबवली. २०२२ मध्ये आयसीयूतल्या सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णांना शिरेतून सी दिलं. मृत्यू किंवा अवयव निकामीच राहणं, सी मिळालेल्यांत ४४.५ टक्के, न मिळालेल्यांत ३८.५. त्या गृहस्थांना आता फोन करावासा वाटतो.

निळी शाई:
वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण राग एका माणसावरचा आणि काढलात सगळ्या पोषणशास्त्रावर. पोट भरलेल्याला वरून गोळी देणं वेगळं आणि मुळातच कमतरता असणं वेगळं. तुमच्या सगळ्या चाचण्या पहिल्या प्रकारातल्या.

चीनमधला केशान आजार आठवा. मातीत सेलेनियम नाही, मुलांची आणि तरुण बायकांची हृदयं निकामी. शिवाय आजार ऋतूप्रमाणे कमी-जास्त व्हायचा, म्हणून व्हायरसचा संशय आला, कॉक्सॅकी सापडलाही. मग संशोधक मेलिंडा बेक यांनी सेलेनियम कमी असलेल्या उंदरांना कॉक्सॅकीचा निरुपद्रवी प्रकार टोचला. उंदीर आजारी पडले, आणि १९९५ मध्ये कळलं की त्यांच्या शरीरात व्हायरसच बदलला होता. तो बदललेला व्हायरस मग नीट खाल्लेल्या उंदरांचंही हृदय खराब करायला लागला. म्हणजे एकाच्या रिकाम्या ताटाचा भुर्दंड शेजाऱ्याला. याला खूळ म्हणणार?

खडूस पेशंट:
उंदीर! माणसाचं बोला.

काउंटरमागचा:
बावीस वर्षं औषधं विकतोय. चिठ्ठीत काहीही असो, शेवटची ओळ मल्टिव्हिटॅमिनची. लोक अँटिबायोटिक अर्ध्यावर सोडतील, ‘ताकदीची गोळी’ मात्र चुकवणार नाहीत. आणि ‘जास्तीचं लघवीतून जातं’ हे सगळ्याच गोळ्यांना लागू नाही. भरपूर झिंक महिनोन्‌महिने घेतलं की शरीरातलं तांबं घटतं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन (गाजरातलं अँटिऑक्सिडंट) दिलं, तर फुप्फुसाचे कॅन्सर वाढले.

निळी शाई:
व्हायरसच्या धाग्यात कॅन्सर कुठून आला?

दोन पोरांची आई:
गोळ्यांचं राहू द्या. तापात जेवायला द्यायचं की नाही, ते सांगा. धाकट्याला फ्लू झाला तेव्हा सासूबाईंनी ‘उपाशी ठेव’ म्हणून तीन दिवस मला स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही. पोराची पार काडी झाली.

सासू पण आईच:
आम्ही चार पोरं वाढवली, एकालाही सलाइन लागलं नाही. हल्लीच्या सुनांना पोराने एक घास टाकला की जग बुडतं.

दोन पोरांची आई:
काकू, तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण झोंबलं म्हणजे लागू असणार.

खडूस पेशंट:
यावर अभ्यास आहे. अमेरिकेतलं येल विद्यापीठ, २०१६. फ्लू झालेल्या उंदरांना ग्लुकोज, म्हणजे अन्नातून मिळणारी साखर, वापरता येऊ दिलं नाही तर ते मेले. लिस्टेरिया या जिवाणूच्या बाबतीत उलट, तिथे खायला घातलेलेच मेले.

निळी शाई:
वा! माझे उंदीर ते उंदीर, आणि तुमचे उंदीर म्हणजे पुरावा?

काउंटरमागचा:
😂 सापडले!

खडूस पेशंट:
हसा. मी फक्त त्या बाईंना उत्तर दिलं.

निळी शाई:
बरं, माणसाचं घ्या. गोवर. वर्षावरच्या मुलाला व्हिटॅमिन ए, लागोपाठ दोन दिवस, रोज २ लाख युनिट. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, माझी नाही. कुपोषित मुलांत ए नसेल तर गोवर डोळे नेतो, जीवही नेतो. आता म्हणा ताटाचा संबंध नाही.

खडूस पेशंट:
संबंध नाही असं मी कुठे म्हटलं? ठीक आहे, गोवर तुमचा. करा साजरा. पण ते डॉक्टरने मोजून दिलेले दोन डोस. २०२५ मध्ये टेक्सासात गोवर पसरला तेव्हा लोकांनी मनानेच ए चालू ठेवलं आणि काही मुलांची यकृतं बिघडलेली आढळली. ती पोस्ट नेमकं हेच करायला सांगते. लसीचा त्यात एक शब्द नाही.

निळी शाई:
लसीचं मान्य. पोस्ट मी लिहिलेली नाही.

दोन पोरांची आई:
मग फ्लूत जेवायला द्यायचं ना?

सासू पण आईच:
मागेल तेवढं द्यावं, मागे लागू नये, पाणी सतत पाजावं. आम्ही काय वेगळं सांगतो?

दोन पोरांची आई:
माझ्या सासूबाईपण आता हेच म्हणतात.