आश्विन-कार्तिकातले कोकणी डोंगर : धावणाऱ्यांनी आणि भटकणाऱ्यांनी अनुभव लिहावेत

पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत कोकणात डोंगर धावायचे आणि मित्रमंडळींसोबत शनिवार-रविवार गडावर काढायचे दिवस असतात. घाटमाथ्यावरच्या लोकांनी लिहिलेल्या सूचना इथे पुऱ्या पडत नाहीत. त्यांची पायथ्याची गावंच सहाशे-सातशे मीटरवर असतात. आपण जवळपास समुद्रसपाटीवरून चढायला लागतो. वर हवा दमट, पायाखाली जांभा आणि वाटेवर कमरेएवढं गवत. प्रवासवर्णनं नकोत, ती वेगळीकडे भरपूर आहेत. वाट, वेळ, पाणी, बूट, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच लिहा.

कातळसडा (रत्नागिरी)

जमिनीपासून सुरुवात करतो, कारण इथे सगळं तिच्यावर ठरतं. कोरडा जांभा बुटाला घट्ट धरतो, खडबडीतपणामुळे उतारावरही पाय सुटत नाही. तोच जांभा शेवाळला की कुठलाच सोल उपयोगी पडत नाही. चढाच्या उत्तरेकडच्या अंगाला, झाडीखालच्या पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) नोव्हेंबरातही ओल्या राहतात. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पाऊस थांबला तरी पहाटेचं दव पुरतं. ओळखायची खूण म्हणजे काळपट-हिरवी चकाकी. पाखाडीवर पायरीच्या मधोमध पाय टाका. तिथे रोजची वर्दळ असते, म्हणून शेवाळ धरत नाही. लोक कडेचा आधार घ्यायला जातात आणि तिथेच घसरतात.

बुटाचे दात ४ मिलिमीटरच्या आसपास असावेत. चिखलासाठीचे ६ मिलिमीटरचे दात कातळावर डुगडुगतात आणि जांभ्यावर लवकर झिजतात. माप अर्ध्या नंबरने मोठं घ्या. लांब उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. वरच्या जादा भोकातून लेस ओवून टाच बांधून घेतली की हे बरंच कमी होतं.

सड्यावर गवताखाली खड्डे, चिरे काढलेल्या जुन्या खाणींच्या कडा आणि पडके गडगे (दगडी बांध) लपलेले असतात. जमीन दिसत नसेल तिथे धावणं थांबवून चालायचं. घोटा मुरगळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आणखी एक गोष्ट, मनापासून. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सड्यावर सीतेची आसवं आणि गेंद फुललेले असतात. त्या गालिच्यावरून आडवं धावू नका, गुरांच्या मळलेल्या वाटेनेच जा. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांवर तर पायच नको. काही शिल्पं झिजून इतकी उथळ झाली आहेत की धावताना दिसतही नाहीत.

पाखाडी (गुहागर)

सरावासाठी गावची पाखाडीच उत्तम. चढाई ६० ते ९० सेकंदांची निवडा. आधी १५ मिनिटं सपाटीवर हलकं धावा, मग सहा वेळा चढा आणि प्रत्येक वेळी चालत उतरा. दर आठवड्याला एक फेरी वाढवा, दहावर थांबा. चढताना पाऊल छोटं, नजर तीन-चार पायऱ्या पुढे, कमरेतून वाकणं नाही. श्वास इतका लागला की एक वाक्यही बोलता येत नाही, तर हात मांडीवर ठेवून झपाझप चाला. तीव्र चढावर चालणं आणि धावणं यांच्या वेगात फारसा फरक नसतो, दमछाक मात्र कितीतरी कमी होते.

उताराचा सराव कोणी करत नाही आणि रविवारी संध्याकाळी जिना उतरता येत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्याने त्यांना बारीक इजा होते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत कळसाला जातं. उपाय सोपा आहे. ठरलेल्या ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा १५-२० मिनिटं सलग उतार धावून घ्या. एवढ्या एका धड्यावर स्नायू पुढचे काही आठवडे सावरून राहतात. उतरताना टाच आपटून ब्रेक लावू नका. पावलं छोटी आणि भराभर, गुडघा किंचित वाकलेला.

व्हाळ (कुडाळ)

वरच्याला पुस्ती : रायगडाच्या चित् दरवाजाकडच्या दीड हजारांच्या आसपास पायऱ्या सरावाला खुणावतात. पण चढून गेलात तर गुडघ्याची तक्रार असणाऱ्याने हिरकणीवाडीचा रोपवे धरून उतरावं. त्यात कमीपणा काही नाही. आणि गर्दी सुरू झाल्यावर त्या पायऱ्यांवर धावू नये.

आगळ (सावंतवाडी)

कोकणात दम सुटतो तो चढाने कमी आणि घामाने जास्त. हवा दमट असली की घाम वाळत नाही, ठिबकतो. अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जातच राहतं. आपला आकडा काढून ठेवा. धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. कमी झालेले किलो अधिक प्यायलेले लिटर, भागिले तास. ६४.० चे ६३.१ झाले आणि तासाभरात ४०० मिली प्यायलात, तर घाम तासाला १.३ लिटर. तेवढं सगळं परत भरायला जाऊ नका. धावताना तासाला ६०० ते ८०० मिलीच्या वर बहुतेकांचं पोट घेत नाही.

नुसतं पाणी ढोसणं धोक्याचं. रक्तातलं मीठ पातळ होतं, आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस बरळायला लागतो. लोक त्याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. आपल्या बाटल्या अर्ध्या लिटरच्या असतात आणि अख्खं पाकीट त्यात ओतलं की उलट्या होतात. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

कोकमाचं आगळ फार कामाचं. अर्धा लिटर पाण्याला दोन मोठे चमचे आगळ आणि तीन छोटे चमचे साखर. मात्र घरोघरी आगळातलं मीठ वेगळं असतं, म्हणून आधी घरी करून पाहा. अमृत कोकम वेगळं, त्यात साखरच जास्त.

खाण्याचं गणित तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. दोन मध्यम केळी म्हणजे साधारण ५०. आंबापोळी, राजगिऱ्याची चिक्की, गूळ चालतात. काजू-शेंगदाणे थांब्यावर खा. त्यातला तेलकटपणा पोटात रेंगाळतो, चढावर धावताना नको. निघण्याआधी तासभर मऊ भाताची पेज, चिमूटभर मीठ घालून. याहून बरा नाश्ता मला माहीत नाही.

घाटवाट (महाड)

वेळेचं गणित : सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. ऑक्टोबरात गवतामुळे त्यावर पाव भाग वाढवा. धावणाऱ्यांनी प्रत्येक १०० मीटर चढ म्हणजे सपाटीचा एक किलोमीटर धरावा. १२ किलोमीटरची, ८०० मीटर चढाची वाट त्यांच्या पायाला २० ची पडते. नोव्हेंबरच्या मध्यावर इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत अंधार आधीच उतरतो. परतीची वेळ सकाळीच ठरवा आणि ती आली की गड शंभर पावलांवर असला तरी मागे फिरा.

या दिवसांत वाट चुकते ती ढोरवाटांमुळे. पावसाळाभर गुरं चरून त्यांच्या वाटा मळलेल्या असतात आणि माणसांची वाट गवतात बुजलेली असते. ढोरवाट उंची न घेता आडवी जात राहते आणि चरणीवर किंवा पाण्यावर संपते. दहा मिनिटं उंची वाढली नाही तर शेवटच्या फाट्यावर परत या. जीपीएसचा ट्रॅक फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, पण तो उन्हाळ्यात नोंदलेला असेल तर ओढा ओलांडायची जागा तीच राहिलेली नसते.

नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद दगडी घळीतून, चढणार असाल तर एकाखाली एक उभं राहू नका. पावसाने सैल झालेले दगड नोव्हेंबरपर्यंत सुटत असतात. सैल पट्टा एकेकाने पार करा, बाकीच्यांनी कडेला आडोशाला थांबा, आणि दगड सुटला की सुटला म्हणून ओरडा, तो लहान असला तरी. सोंडेवर (डोंगराच्या उतरत्या धारेवर) नोव्हेंबरात वेगळीच अडचण. गवत वाळून आडवं पडतं, त्याखाली मुरूम. तिथे पाऊल आडवं ठेवून उतरायचं.

खेडची रसाळगड-सुमारगड-महिपतगड ही रांग दोन दिवसांची उत्तम वाट आहे. रसाळगडावर झोलाईच्या देवळात किंवा महिपतगडावर पारेश्वराच्या देवळात मुक्काम करता येतो. अवघड भाग सुमारगडाचा. त्याचा शेवटचा चढ अंगावर येतो आणि दवात तो करू नये. प्रचितगड चांदोली राष्ट्रीय उद्यानात आणि वासोटा कोयना अभयारण्यात मोडतो, दोन्ही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. शृंगारपूर किंवा चोरवण्याकडून वर जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी, वाट नंतर.

कातळसडा

काठ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. सोंडेवर आणि घसाऱ्यावर काठी हवीच. नाळेत नको, दोन्ही हात मोकळे लागतात. ज्यांची काठी घडी होऊन सॅकला लागत नाही त्यांनी ती आणूच नये.

तालुक्याचा दवाखाना

फुरसं हा जांभ्याच्या प्रदेशातला साप, रत्नागिरी-सिंधुदुर्गात भरपूर. दगडाखाली, गडग्यात, सुक्या पाचोळ्यात असतं आणि चावतं ते बहुतेकदा घोट्याजवळ किंवा दगडाखाली घातलेल्या हाताला. म्हणून घोटा झाकणारे जाड मोजे किंवा गेटर (बुटावरून घोट्याला बांधायचं कापडी आवरण) घाला. त्यात कुसळंही अडतात. अंधारात विजेरीशिवाय एक पाऊल नको.

चावा झाला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, बर्फ, सगळं वर्ज्य. जोडवी, अंगठ्या, घड्याळ काढा, कारण सूज चढते. चाव्याची वेळ लिहून ठेवा. अवयव फळीने हलणार नाही असा ठेवा आणि माणसाला चालवू नका. दोन बांबू आणि घोंगडी घेऊन उचलून आणा. १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष कुठे शिल्लक आहे ते वाटेतच विचारून घ्या. वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, फुरशाच्या विषाने रक्त गोठणं आधीच बिघडलेलं असतं. एरवीही, घामाने सुकलेल्या अंगावर आयब्युप्रोफेन मूत्रपिंडाला घातक.

लाल विंचवाला कमी लेखू नका. खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं म्हणजे विष हृदयावर चाललंय. यावर प्राझोसिन हे औषध आहे, आणि त्याचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्याच रुग्णांवर काम करून जगापुढे आणला. डोस डॉक्टरांनीच द्यायचा. आपलं काम लवकर पोहोचवणं. बूट रात्री उलटे ठेवा आणि सकाळी झटकून घाला.

पायाला जखम असेल तर भातखाचरातल्या पाण्यातून जाऊ नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) तिथूनच होतो. परतल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना डोंगर आणि खाचर दोन्ही सांगा. दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमुळे पसरतो आणि त्याचा हंगाम हिवाळ्याकडे झुकताना सुरू होतो. अंगभर कपडे घाला, संध्याकाळी कातडी तपासा, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

व्हाळ

ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट होतोच. वीज दिसली की मोजा, तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर सडा किंवा धार सोडायची आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत चढायचं नाही. एकट्या झाडाखाली उभं राहू नका, घोळका करू नका.

कापणीच्या दिवसांत रात्री अनोळखी शेताच्या बांधावरून जाणं टाळा. रानडुकरांसाठी कुठे कुठे तारेत वीज सोडलेली असते. बेकायदेशीर आहे, तरी होतं. आंबोलीचा घाट सुमारे ७०० मीटरपर्यंत चढतो आणि धावायला सुरेख आहे. पण गाड्यांसमोर तोंड करून, उजव्या कडेने, उजळ पट्ट्याचं जाकीट घालून धावा. आंधळ्या वळणावर बाहेरची बाजू घ्या, नाहीतर समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. धुकं असेल त्या दिवशी तर नकोच.

मुक्कामी गाडी (खेड)

पायथ्याच्या गावात रात्री मुक्कामाला येणारी एसटी सकाळी परत निघते. शनिवारी संध्याकाळी तिने पोहोचा, म्हणजे रविवारी पहाटे चढाईला. मात्र परतीची गाडी किती वाजता ते चालकालाच विचारा. रायगडसाठी वीर, रसाळगडसाठी खेड, आंबोलीसाठी सावंतवाडी रोड ही स्टेशनं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक याच दिवसांत बदलतं, तिकीट काढल्यावरही वेळ पुन्हा पाहून घ्या. देवळात राहायचं तर पुजारी किंवा पोलीस पाटलांना आधी फोन. मद्य-मांस नाही, आणि सकाळी देऊळ झाडून निघायचं.

घाटवाट

राहिलेला मुद्दा म्हणजे वेगवेगळ्या दमाचे मित्र एकत्र कसे न्यायचे. सगळ्यांना एका वेगाने नेऊ नका. जो जोरात धावतो त्याने पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन शेवटच्या माणसापर्यंत परत यायचं आणि पुन्हा निघायचं. त्याचा व्यायाम होतो आणि शेवटचा एकटा पडत नाही. फाट्यावर मोजणी झाल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. शेवटचा माणूस आधीच ठरलेला, वाट माहीत असलेला आणि ताज्या दमाचा हवा. प्रथमोपचाराची पिशवी आणि जादा लिटरभर पाणी त्याच्याच पाठीवर, कारण जो अडतो तो मागेच अडतो. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा बंद. उठलंच तर तोंड झाकून दाट झाडीत पळा, हात हलवून हाकलू नका. आणि निघण्याआधी गावातल्या एका घरी नावं, वाट आणि परतीची वेळ सांगून ठेवा. परत आल्यावर त्याच घरी जाऊन सांगा, नाहीतर रात्री लोक उगाच शोधायला निघतात.