कॅव्हर्न डायव्हिंगचा कोर्स: एजन्सी बघायची की इन्स्ट्रक्टर?

मुलुंडची_निळाई

नमस्कार मंडळी. स्कूबाचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स मी तारकर्लीला केला, अ‍ॅडव्हान्स्ड हा त्यापुढचा हॅवलॉकला. मग मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला बऱ्याच फेऱ्या झाल्या, पन्नाशीच्या जवळपास डाइव्ह असतील. जानेवारीत ऑफिसच्या कामाने ह्यूस्टनला जायचंय. तिथून आठवडाभर रजा टाकून मेक्सिकोत युकातानला कॅव्हर्नचा, म्हणजे पाण्याखालच्या गुहेत तोंडाकडचा सूर्यप्रकाश दिसतो तेवढ्याच भागात डाइव्ह करण्याचा, कोर्स करावा असा बेत आहे.

तुलुमच्या आसपासच्या तीन इन्स्ट्रक्टरांना मेल केली. पहिला म्हणतो, पॅडी या एजन्सीचा कोर्स, दोन दिवस, चार डाइव्ह, काळजी करू नका, सगळे पास होतात. दुसऱ्याचा टीडीआय या दुसऱ्या एजन्सीचा आहे, चार दिवस आणि पैसे जवळजवळ दुप्पट. तिसऱ्याने फी सांगायच्या आधी मलाच विचारलं: शेवटची डाइव्ह कधी केलीत, फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं) येते का, पाण्यात न हलता तरंगत राहतानाचा व्हिडिओ आहे का. मला जरा परीक्षेला बसवल्यासारखंच वाटलं.

कार्ड कोणत्या एजन्सीचं घ्यावं? दोन दिवसांत होतंय तर चार कशाला? घरचे आधीच घाबरलेत, म्हणून नीट विचार करून ठरवायचंय.

माहीमचा_दर्यावर्दी

निळाईताई, तिसरा. बाकीचं वाचण्याआधी त्याच्या प्रश्नांची खरीखुरी उत्तरं पाठवा.

एजन्सीचा मुद्दा आधी संपवतो. पॅडी, टीडीआय, अमेरिकेतल्या गुहा-डायव्हरांची एनएसएस-सीडीएस, सगळ्यांच्या कॅव्हर्न कोर्सचा गाभा एकच आहे: तोंडाकडचा सूर्यप्रकाश सतत दिसला पाहिजे, उघड्या पाण्यापर्यंत अखंड दोरी हवी, हवेचा तिसरा हिस्साच आत जायला वापरायचा, डीकंप्रेशन, म्हणजे वर येताना थांबे घेणं, लागेल इतकं खाली थांबायचं नाही. पॅडीला वय 18 पूर्ण आणि अ‍ॅडव्हान्स्डचं कार्ड लागतं. त्यांची मर्यादा पृष्ठभागापासून एकूण 40 मीटरची, आणि त्यात खोलीही धरतात. म्हणजे 15 मीटर खाली असाल तर आत जायला 25 मीटरच उरले. जीयूई या एजन्सीची वाट तेवढी वेगळी, तिथे आधी फंडामेंटल्स हा पायाभूत कोर्स आणि मग थेट केव्हचा (उजेडापलीकडच्या गुहेचा) पहिला टप्पा.

तेव्हा फरक कार्डात नाही, शिकवणाऱ्यात आहे. अमेरिकेतले गुहा-डायव्हर शेक एक्स्ली यांनी गुहांमधल्या मृत्यूंच्या नोंदी एकेक करून तपासल्या. त्यांना तीच ती कारणं पुन्हापुन्हा सापडली: बाहेरपर्यंत अखंड दोरी नव्हती, परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखली नव्हती, खोली झेपण्यापलीकडची होती. पुढे त्यात प्रशिक्षण आणि दिवे हे दोन मुद्दे जोडले गेले. फ्लोरिडात जिनी स्प्रिंग्जला गुहेच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेली पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय की अशाच गुहांमध्ये 300 पेक्षा जास्त डायव्हर मेले, आणि त्यांत ओपन वॉटरचे इन्स्ट्रक्टरही होते. हे शेवटचं नीट वाचा. समुद्रात वर्षानुवर्षं शिकवणारा माणूससुद्धा गुहेत नवखाच असतो, कारण समुद्रात काही बिनसलं तर वर जाता येतं आणि इथे डोक्यावर दगड असतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: तुम्ही स्वतः फुल केव्ह डायव्हर (उजेडापलीकडे गुहेत जाण्याचं पूर्ण प्रशिक्षण घेतलेले) आहात का, आणि विद्यार्थी सोबत नसताना, स्वतःच्या हौसेने गुहेत शेवटचे कधी गेला होतात?

दुसरा प्रश्न: गेल्या काही काळात कोणाला कार्ड नाकारलंत का, आणि का? ‘सगळे पास होतात’ म्हणणाऱ्याकडे मी जाणार नाही. माझ्या कोर्सला आम्ही दोघे होतो. दुसऱ्याला शेवटी कार्ड मिळालं नाही, कारण दिवे विझवून दोरीवरून बाहेर येताना तो घाईत दोरी सोडायचा. इन्स्ट्रक्टरने त्याला बाजूला बसवलं, नेमकं काय जमलं नाही ते शांतपणे समजावलं आणि सहा महिन्यांनी परत ये म्हणाला. त्या संध्याकाळी माझ्या हातातल्या कार्डाची किंमत मला कळली.

दोन दिवस की चार? नियमाप्रमाणे दोन दिवसांत चार डाइव्ह होतात, खोटं नाही. पण आमची पहिली सकाळ सेनोतेच्या (युकातानमधल्या पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या विवराच्या) उघड्या भागातच गेली: आडवं तरंगणं, फिन्स न आपटता मागे सरकणं, दोरीचं रीळ गुंडाळणं. दुपारी पार्किंगच्या मागच्या झाडांना दोरी बांधली आणि डोळे मिटून तिच्यावरून चालायला लावलं, डास चावत होते तरी. दोरीवरचा बाहेरची वाट दाखवणारा बाण कुठे बोट दाखवतोय हे हाताला कळायला वेळ लागतो. मग तेच पाण्यात, मग मास्कशिवाय, मग एकाची हवा संपली असं धरून दोघांनी एकाच टँकवर बाहेर यायचं. दोन दिवसांत हे उरकता येतं, पण अंगवळणी पडत नाही.

आणि विद्यार्थी किती घेतो ते विचारा. दोन उत्तम, तीन चालतील.

पार्ल्याची_मासोळी

मी दोस ओहोस आणि चाक मूल या सेनोतेंना गाईडबरोबर गेले होते, कोर्सबिर्स काही नाही. तिथे ओपन वॉटरचं कार्ड चालतं. गाईड फुल केव्ह डायव्हर असतो, मागे जास्तीत जास्त चार जण, दोरी आधीच लावलेली. नितांतसुंदर. निळाई, तुला नुसतं बघायचं असेल तर कोर्सवर एवढे पैसे घालू नकोस असं माझं मत.

कामाच्या गोष्टी: पाणी 24-25 अंश असतं, अंदमानच्या सवयीने पातळ सूट नेशील तर दुसऱ्या डाइव्हला कुडकुडशील. 5 मिलिमीटरचा घे. पाणी गोडं, त्यामुळे वजन समुद्रापेक्षा दोनेक किलो कमी लागतं. चाक मूलमध्ये खाली खारं पाणी लागतं. दोन्ही पाणी मिळतात तिथे सगळं धूसर होतं, घाबरू नकोस, दोन हात खाली गेलं की परत स्वच्छ दिसतं. व्हिसाचं म्हणशील तर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, तरी निघण्याआधी वकिलातीच्या साइटवर बघून घे.

माहीमचा_दर्यावर्दी

मासोळीताई, पहिला दिवस गाईडबरोबर घालवायला माझी हरकत नाही, उलट घालवावाच. मात्र ज्याच्याकडे कोर्स करायचा त्यालाच त्या दिवसापुरता गाईड म्हणून घ्या, म्हणजे तो तुम्हाला पाण्यात बघेल आणि तुम्ही त्याला. तो दिवे कसे धरतो, दर थोड्या वेळाने मागे वळून बघतो का, चुनखडीच्या झुंबरांपासून किती लांब राहतो. ती झुंबरं हिमयुगात समुद्र खाली गेलेला असताना, कोरड्या गुहेत थेंबाथेंबाने बनली. आता गुहा पाण्याने भरलीय, तुटलेलं पुन्हा वाढत नाही. ज्याच्या फिनचा त्यांना धक्का लागतो, त्याच्याकडून बॉयन्सी (पाण्यात एका पातळीवर तरंगणं) शिकू नये.

पण गाईडमागून जाणं आणि शिकणं यात एक मोठा फरक आहे. गाईडबरोबर असताना हवेच्या हिशेबाने कधी मागे फिरायचं, दोरी कुठे आहे, ढग आल्यावर उजेड किती राहील हा सगळा विचार तो करतो. तो विचार आपला आपण करता यावा म्हणून कोर्स. निळाईताईंना काय हवंय ते त्यांनी ठरवावं.

मुलुंडची_निळाई

दोघांचे आभार. मला शिकायचंच आहे. तिसऱ्याला आज उत्तर पाठवलं, व्हिडिओ नाही हेही कळवलं. दुसऱ्यालाही तुमचे प्रश्न विचारलेत.

आता मधल्या महिन्यांत मुंबईत राहून काय करता येईल? पावसाळ्यात तारकर्ली बंद, आणि आमच्या इथल्या तलावात टँक नेऊ देत नाहीत.

माहीमचा_दर्यावर्दी

बरंच करता येईल.

जी डाइव्ह शॉप्स मुंबईत क्लबच्या तलावात ओपन वॉटरचे वर्ग घेतात त्यांना सांगा की मला कोपऱ्यात तासभर टँकसकट तरंगायचंय. बहुतेक जण थोड्या पैशांत देतात. तळापासून हातभर वर, गुडघे वाकवून, हात न हलवता पाच मिनिटं एका जागी राहायचं. मैत्रिणीला व्हिडिओ काढायला लावा, आपण आडवे आहोत असं आपल्याला वाटत असतं आणि पाय खाली लोंबत असतात. फ्रॉग किक साध्या तलावातही शिकता येते, तिला टँक लागत नाही. नेहमीची वरखाली किक गाळ उडवते आणि गुहेत उडालेला गाळ बसायला तुमची हवा पुरेल याची खात्री नसते.

दोरीचा सराव जमिनीवर करा. मी रविवारी पहाटे माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला झाडांना नायलॉनची दोरी बांधायचो, डोळ्यांवर रुमाल. फिरायला आलेले आजोबा चौकशी करायचे, सांगितलं की खूश व्हायचे. दोरी तर्जनी-अंगठ्याच्या कड्यात सैल धरायची, ओढायची नाही. बडी, म्हणजे जोडीदार, मागे, त्याचा हात तुमच्या दंडावर. पुढे चल, थांब, मागे फिर, या तिन्ही खुणा दाबानेच द्यायच्या.

पाऊस संपला की नेत्राणीला आपला श्वास मोजा. समजा पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागतात, तर 10 मीटरवर दाब दुप्पट म्हणून 40. नेहमीची 11 लिटरची टँक 200 बार दाबाला भरलेली असेल तर आत जायला 60 बार, 140 ला मागे फिरायचं, आणि दोघांपैकी ज्याचं आधी 140 होईल त्याच्या शब्दावर. 60 बार म्हणजे 660 लिटर, म्हणजे जेमतेम सोळा मिनिटं. सर्वांत आतल्या टोकाला बडीची हवा गेली तर उरलेल्या 140 मध्ये दोघांनी बाहेर यायचं, आणि घाबरलेला माणूस दुप्पट श्वास घेतो. हा हिशेब कोर्सला जाण्याआधी स्वतःच्या आकड्यांनी करून ठेवा. घरच्यांनाही कागदावर दाखवा, ‘काही होत नाही गं’ म्हणण्यापेक्षा त्यांना ते जास्त पटेल.

नेहमीच्या प्रवासविम्यात डायव्हिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं. डॅन या डायव्हरांच्या संस्थेचा विमा घ्या आणि त्यात गुहेतलं डायव्हिंग धरलंय का ते लेखी विचारा.

दुसऱ्याचं उत्तर आलं की इथे टाका. चार दिवस आणि दोनच विद्यार्थी असं असेल तर त्याची फी जास्त नाही.