अमेरिकेतील लांब पल्ल्याची पायवाट: परवान्याबाबत तातडीने मदत हवी आहे

घोडबंदरकर: पुढील उन्हाळ्यात अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या पायवाटेवर चालण्याचे नक्की केले आहे. व्हिसा हाती आहे आणि सामानही बरेचसे जमले आहे. परंतु परवान्यासाठी इतकी वेगवेगळी कार्यालये आणि तारखा दिसतात, की अर्ज नेमका कोठे करायचा हेच उमगत नाही. माहितगारांनी कृपया लवकर सांगावे.

पारसिकचा_डोंगर: कोणती पायवाट? अशी एकच वाट तेथे नाही. 1968 च्या कायद्याने ज्या पहिल्या दोन वाटांना राष्ट्रीय दर्जा मिळाला, त्यांपैकी पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन सुमारे 3,500 किलोमीटरची, तर पश्चिमेकडील, मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट सुमारे 4,265 किलोमीटरची आहे. दोन्हींचे नियम निराळे आहेत. रजा किती आहे, हेही आपण लिहिलेले नाही.

वागळे_इस्टेट: अ‍ॅपलाचियनच निवडा. तेथे अडीचशेहून अधिक निवारे आहेत, झाडांवरील पांढरे पट्टे वाट दाखवतात आणि संपूर्ण वाटेसाठी एकच परवाना असा लागतच नाही; ग्रेट स्मोकी माउंटन्ससारख्या मोजक्या भागांतच तो काढावा लागतो. बूट मात्र नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्या, कारण लांबच्या चालीत पाय सुजतात.

खारघरची_वाट: बुटांबद्दल कोणी विचारलेले नाही. अ‍ॅपलाचियनवर दिवसचे दिवस झाडीतूनच चालावे लागते. सह्याद्रीतील उघड्या कड्यांची ज्याला ओढ आहे, त्याने पॅसिफिक क्रेस्टच्या वाटेवरील सिएरा नेवाडा हा पर्वतच पाहावा.

नर्मदे_हर: इतका खर्च करून परदेशी कशासाठी जायचे? नर्मदा परिक्रमा करा. काठच्या आश्रमांतून सदावर्त मिळते आणि परवान्यासाठी कसलीही लॉटरी लागत नाही.

पारसिकचा_डोंगर: परिक्रमेबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ती श्रद्धेने करायची गोष्ट आहे, परवाना मिळत नाही म्हणून शोधलेला पर्याय नव्हे.

घोडबंदरकर: पश्चिमेकडचीच वाट, हे मी गृहीत धरले होते. रजा तीन आठवड्यांची आहे. आता तरी परवान्याचे सांगा.

पारसिकचा_डोंगर: हे आधी कळायला हवे होते, कारण पॅसिफिक क्रेस्ट पूर्ण करण्यास साधारण पाच महिने लागतात आणि तिचा लांब पल्ल्याचा परवाना सलग 500 मैल, म्हणजे सुमारे 800 किलोमीटर किंवा त्याहून अधिक चालणाऱ्यांसाठीच असतो. आपल्यासाठी जॉन म्यूर ट्रेल योग्य ठरेल. ती सुमारे 340 किलोमीटरची असून तिचा मोठा भाग पॅसिफिक क्रेस्टवरूनच जातो. तिच्या उत्तर टोकाच्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातून सुरुवात करायची असेल तर निघण्याच्या तारखेच्या 24 आठवडे आधी लॉटरीत अर्ज करावा लागतो.

खारघरची_वाट: त्या लॉटरीत नंबर लागणे फार कठीण असते. त्यापेक्षा दक्षिणेकडील हॉर्सशू मेडोज येथून उत्तरेकडे चाला. तेथील परवाने इन्यो राष्ट्रीय वनाकडून मिळतात आणि बरेचसे सहा महिने आधीच खुले होतात.

पारसिकचा_डोंगर: परवाना मिळेलही, पण हॉर्सशू मेडोज सुमारे 3,000 मीटरवर आहे. आपले कळसूबाई 1,646 मीटरचे. समुद्रसपाटीवरच्या ठाण्याहून निघालेल्या माणसाने पाठीवर पूर्ण ओझे घेऊन पहिल्याच दिवशी त्या उंचीवर चालू लागणे मला धोक्याचे वाटते. योसेमिटीची दरी सुमारे 1,200 मीटरवर असल्याने तेथून शरीर हळूहळू सरावते. वाटेच्या दक्षिण टोकाच्या व्हिटनी शिखराचे 4,421 मीटर अगदी शेवटी येतात.

खारघरची_वाट: उंचीचा मुद्दा मान्य आहे. तरीही आधी दोन रात्री तेथेच तळावर मुक्काम केला, तर दक्षिणेचा मार्ग बाद करण्याचे कारण उरत नाही. घोडबंदरकर, कोणत्याही टोकाने गेलात तरी अन्न ठेवण्यासाठी अस्वलाला उघडता न येणारा कडक डबा जवळ बाळगावा लागेल. तो तेथे भाड्यानेही मिळतो. गॅसची नळकांडी विमानात नेता येत नाहीत, तीही तेथेच घ्या. आपण एकटे जाणार आहात की सोबत कोणी आहे? अर्जात माणसांची संख्या भरावी लागते.