मदत हवी: इन्सुलिन दिलं तरी पेशींची मोडतोड थांबेना

टिळकवाडीकर:
सोमवारी सरांना दाखवायचंय, डोकं चालेना झालंय. पेशी चार तास उपाशी ठेवल्या, मग 100 नॅनोमोलर इन्सुलिन, तासाभरानं ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी). ग्रोथ फॅक्टर आला की पेशी स्वतःची प्रथिनं खायचं थांबवते ना? माझ्या थांबेनात. एलसी3 ची, म्हणजे या स्वतःला खाण्याची (ऑटोफॅजीची) खूण असलेल्या प्रथिनाची, खालची पट्टी तशीच जाड. तीनदा केलं. काय चुकतंय?

खानापुरी:
कुठल्या पेशी? अक्टला, म्हणजे इन्सुलिनचा निरोप आत नेणाऱ्या प्रथिनाला, फॉस्फेट लागतंय का? नुसतं 'थांबेना' म्हटलं तर आम्ही काय समजायचं?

टिळकवाडीकर:
सी2सी12, उंदराच्या स्नायूपेशी, जुळून तंतू (मायोट्यूब) झालेल्या. अक्टची पट्टी झकास येते, म्हणून तर वैताग.

निपाणीचा_दादा:
इन्सुलिन खराब झालंय. आमच्या बाबांचं हुबळीहून बसनं आणलं, निपाणी येईपर्यंत बर्फाचं पाणी. नवी कुपी घ्या.

खानापुरी:
दादा, अक्ट पेटलाय म्हणजे इन्सुलिन धडधाकट आहे. वाचून तरी लिहा.

तालीमवाला:
इन्सुलिननं अंग भरतं म्हणे. किती घ्यायचं?

खानापुरी:
अजिबात घ्यायचं नाही! साखर उतरून जीव जाईल. दूध-बदाम खा मर्दा.

प्रोटिओसोमप्रेमी:
एलसी3 सोडा. अक्ट फॉक्सोला (जनुकं चालू करणारं प्रथिन) केंद्रकाबाहेर अडवतो, मग अट्रोजिन-1 आणि मर्फ1 कमी बनतात. स्नायूतल्या प्रथिनांना युबिक्विटिन चिकटवणारे हेच दोघे. यांचा आरएनए मोजा.

खानापुरी:
विचारलंय ऑटोफॅजीचं, तुमची गाडी प्रोटिओसोमवरच (युबिक्विटिन चिकटलेली प्रथिनं तोडणारं यंत्र). आणि तासाभरात त्यात कितीसा फरक दिसणार? त्यापेक्षा एका डिशमध्ये बॅफिलोमायसिन (लायसोसोममधलं पचन रोखणारं औषध) घाला. पट्टी जाड म्हणजे ऑटोफॅगोसोम (मोडायचा माल भरलेल्या पिशव्या) जास्त बनतायत की लायसोसोम (पेशीच्या पचनपिशव्या) त्या उचलत नाहीत, ते त्याशिवाय कळत नाही.

प्रोटिओसोमप्रेमी:
एमटॉर (पोषण मिळालं की वाढ चालू नि ऑटोफॅजी बंद करणारं प्रथिन) बंद केला की प्रोटिओसोमचं कामही वाढतं, 2015 साली छापून आलंय.

खानापुरी:
आणि 2014 साली बरोबर उलटं. एमटॉर चालू झाला की प्रोटिओसोम वाढतात म्हणून. भांडण जुनंच आहे.

चिकोडीचा_मास्तर:
थांबा जरा. उपाशी ठेवल्या म्हणजे कशात ठेवल्या?

टिळकवाडीकर:
एचबीएसएसमध्ये. सगळे तेच वापरतात ना?

चिकोडीचा_मास्तर:
हे आता सांगताय होय! त्यात क्षार नि ग्लुकोज, अमिनो आम्ल एकही नाही. इन्सुलिन अक्टकरवी टीएससी2 हा लगाम बाजूला सारतं, एमटॉरला पेटवणारा रेब मोकळा होतो. पण रेब बसलाय लायसोसोमवर, आणि एमटॉरला तिथं ओढून आणणारी रॅग प्रथिनं अमिनो आम्लांशिवाय हलत नाहीत. मग रेबनं पेटवायचं कुणाला? एमटॉर थंड म्हणजे ऑटोफॅजी सुरू करणाऱ्या युएलके1 च्या सेरीन 757 वर तिला रोखणारं फॉस्फेट नाही, ऑटोफॅजी चालूच. सिरम न घातलेल्या डीएमईएममध्ये करा, त्यात अमिनो आम्लं असतात; सोबत एस6 कायनेजचा ब्लॉट लावा, एमटॉर चालू असला की त्याला फॉस्फेट लागतं.

टिळकवाडीकर:
एस6 कायनेज लावला होता सर. फॉस्फोची पट्टीच आली नाही, अँटीबॉडी गेली समजून तिन्ही वेळा फिल्म टाकून दिली. आज रात्रीच डीएमईएममध्ये लावतोय.

तालीमवाला:
बदाम भिजवून का कोरडे?

निपाणीचा_दादा:
तरी फ्रिज एकदा बघाच.